उलटं चालणारे दाजी

बाजारपेठेत त्यांना सगळेच दाजी म्हणत. ज्याची बहीण त्यांना दिली होती तो तर म्हणायचाच, पण ज्यांना बहीणच नव्हती तेही म्हणायचे. चहाची किटली घेऊन फिरणारा म्हणे, समोरचा कुलूपवाला म्हणे. एकदा तर विजेचं मीटर बघायला आलेल्या साहेबाच्या तोंडूनही "काय दाजी" निघून गेलं आणि मग तो बिचारा आपला आपणच लाजला. साऱ्या पेठेचा मेहुणेपणा असा अंगावर घेऊन हा माणूस उभी हयात काचा वाहत आला होता. आणि तीही उलटं चालत.

उलटं चालण्यामागे सासऱ्यांची रीत होती. दुकान मूळचं सासऱ्यांचं. दुसऱ्या दुकानांतली माणसं मोठी काच बगलेला धरून दोघंही सरळ पुढं चालतात. सासऱ्यांना ते मंजूर नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की काच उभी धरायची आणि दोन टोकांना दोघांनी एकमेकांकडं तोंड करून उभं राहायचं. उलटं चालणाऱ्याचे डोळे काचेवर, सरळ चालणाऱ्याचे वाटेवर. "दोघांनीही वाट बघितली तर काचेकडं कोण बघणार? तुमचा बाप?" असं ते विचारत. आणि ज्या दोघांना विचारत, त्यातल्या एकाचे ते खरोखरच बाप होते.

तो एक म्हणजे लांब्या. दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. उंची इतकी, की दुकानाच्या दारातून आत येताना आधी नमस्कार केल्यासारखा वाकायचा आणि मग माणूस दिसायचा. पुढचं दिसायला उंच माणूस बरा म्हणून सरळ चालणं त्याच्याकडं आलं, आणि उलटं चालणं जावयाच्या वाट्याला. तेव्हापासून आपण कुठं चाललोय हे दाजींना कधी दिसलंच नाही. दिसायची ती काचेची हिरवट कड, आणि कडेपलीकडं लांब्याचं तोंड. त्या तोंडातून वाट यायची. "उंबरा आहे, दाजी. डावीकडं कुंडी. कुत्रं झोपलंय, लांब पाऊल टाका. एक पायरी. अजून एक. सपाट." आणि जागा आली की नेहमीचं तेच, "आलं, दाजी. टेकवा."

दाजी टेकवायचे. त्या 'टेकवा'नंतर हातांतून जे ओझं उतरायचं आणि समोर लांब्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा, त्याच्याइतकं सुख त्यांना जेवणात मिळालं नाही की झोपेत नाही. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. कमरेतली गादी सरकली, तेव्हा कळलं.

सरकली ती एका माशीपायी.

बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर्शनी काच बसवायची होती. जिना अरुंद, मध्ये वळण. दाजी पाठमोरे वर चढत होते, लांब्या खालच्या बाजूला, म्हणजे भार सगळा त्याच्याकडं. वळणावर त्याच्या नाकावर माशी बसली. एरवी फुंकर मारून उडवली असती. त्या दिवशी काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, त्यानं एक हात काढला. क्षणभरच. काच घसरली.

आता या धंद्यात एक नियम आहे आणि तो दाजींनीच दहा जणांना पढवला होता. सुटली काच की सोडायची, हात वर करायचे, मागं व्हायचं. सासरे म्हणायचे, "काच बाजारात मिळते. पाय मिळत नाहीत." पण तो नियम सपाटीवरचा. इथं खाली लांब्या भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकलेला, मागं व्हायला जागा नाही. सोडली असती तर काच सरळ त्याच्या नडग्यांवर. दाजींनी ती पोटाशी कवटाळली, कमरेतून पिळवटले आणि धरून ठेवली. आत कुठंतरी 'खट्' झालं. आवाज त्यांनी ओळखला. काच कापायच्या हिरकणीनं रेघ मारून काच मोडली की असाच आवाज होतो.

काच शाबूत राहिली. ती अजूनही तिथंच आहे, मागं बूट मांडलेले. तडकले ते दाजी. कळ कमरेतून निघाली ती ढुंगण, मांडी, पोटरी करत थेट करंगळीपर्यंत गेली.

डॉक्टरांनी मणक्याचे फोटो उजेडावर धरून सांगितलं, की दोन मणक्यांमधली गादी बाहेर आलीय आणि पायाकडं जाणारी नस दाबतेय. लगेच कापाकापीची गरज नाही, बहुतेकांचं त्याशिवाय बरं होतं. व्यायाम करा. दाजींना वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत. ज्या माणसाला बूट घालता येत नाही त्याला म्हणे व्यायाम करा.

राहायचं घर दुकानाच्या वरच. दाजी खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून पडून राहायचे आणि खालचं सगळं फरशीतून वर यायचं. हिरकणीची कर्र, तुकडे डब्यात पडल्याची खळ्ळ, बायकोचं गिऱ्हाइकाशी बोलणं. बायको खाली तसबिरींच्या चौकटी करायची. बापाच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळं काटकोन आणि जीभ दोन्ही पक्के. या सगळ्यात लांब्याचा आवाजही यायचा, पण कमी. त्यानं भाड्यानं एक यंत्र आणलं होतं. चाकांवर दांडा, दांड्याला रबराच्या वाट्या, त्या काचेला चिकटायच्या. एकट्या माणसानं ढकलत न्यायचं. चाकं कुरकुरत दाराबाहेर जायची, कुरकुरत परत यायची. "आलं" कुणी म्हणायचं नाही. यंत्राला काय सांगायचं?

लांब्या वर मात्र आला नाही. डाळिंबं यायची, मलमाच्या नळ्या यायच्या, एकदा गरम पाण्याची रबरी पिशवी आली. सगळं ताईच्या हाती.

"तुझ्या भावाला जिना दिसत नाही का?" दाजी विचारायचे.

"दिसतो की. रोज खाली उभं राहून बघतो," बायको म्हणायची. "तुम्ही डाळिंब खा."

डॉक्टरांनी ज्यांच्याकडं पाठवलं त्या व्यायामाच्या बाई म्हणजे वयानं दाजींच्या मुलीसारख्या. मुलगी असती तर. दाजींना उताणं झोपवून त्यांनी पाय सरळ उचलून पाहिला, अंगठा वर करायला लावून त्यावर स्वतःचा हात दाबला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. लघवीला काही अडतंय का, हेही सरळ विचारलं. दाजी लाल झाले. बायको म्हणाली, "सांगा की, लग्नाआधी असलं विचारायची रीत असती तर मीच विचारलं असतं."

बाई हसल्या. "पायात जोर आहे, काका. चांगलं लक्षण आहे. आता पालथे व्हा."

पालथे झाल्यावर आधी नुसतं पडायचं. मग कोपरांवर. मग तळहातांवर जोर देऊन छाती वर, कंबर मात्र सैल, जमिनीलाच टेकलेली. "नाग फणा काढतो तसं," बाई म्हणाल्या.

"नाग कसला," बायको म्हणाली, "गांडूळ काढतं तेवढा तरी काढा."

निघताना बाईंनी एक गोष्ट सांगितली होती. करंगळीत गेलेलं दुखणं हळूहळू वर सरकेल. पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत. कदाचित कमरेत थोडं जास्तच दुखेल. घाबरायचं नाही. बाहेर हुंदडायला गेलेलं दुखणं घराकडं निघालंय असं समजायचं. दाजींनी मान हलवली. मान हलवणं हा त्यांचा जुना गुण. ऐकलं असो नसो, मान हलायची.

आणि झालं तसंच. करंगळीच्या मुंग्या गेल्या. मग पोटरी मोकळी झाली. खाली दुकानात जाऊन दोन घटका उभं राहता येईल असं वाटायला लागलं. पण कंबर! कंबर अशी ठणकायला लागली की खोकताना भिंत धरावी लागे. दाजींनी गुपचूप व्यायाम थांबवला. बायको खाली गेली की पालथे व्हायचे आणि तसेच पडून राहायचे. कुणी आलं तर फणा.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "करताय ना, काका?"

"करतो की."

"करतात," बायको म्हणाली. "पालथे पडतात आणि घोरतात. वरून घोरण्याचा आवाज आला की खाली गिऱ्हाईक विचारतं, करवत कधी घेतली?"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. रागावल्या नाहीत. "का थांबलात?"

दाजींनी छताकडं पाहिलं. मग म्हणाले, "बाई, मी काचवाला. तडा माझ्या ओळखीचा आहे. एकदा धावला की तो मागं फिरत नाही. पुढं पुढंच जातो. तुम्ही म्हणता, पायातला वर आला. पण मला वाटतं तो आला-बिला नाही. जिथून सुरू झाला तिथंच आता वाढतोय. अजून एकदा वाकवलं की दोन तुकडे."

बायकोनं बाईंकडं पाहिलं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही काच नाही आहात."

"ते कळतं मला."

"नाही कळत. कळलं असतं तर थांबला नसतात. काचेला एकदा गेलं की गेलं. अंगाला तसं नसतं. अंग आतल्या आत डागडुजी करत असतं, फक्त त्याला योग्य हालचाल द्यावी लागते आणि वेळ द्यावा लागतो. दुखणं पायातून निघालं म्हणजे नस सुटतेय. कमरेत आहे ते त्याचं शेवटचं घर. आता तिथून हाकलायचं."

दाजी पालथे झाले. तळहात टेकले. छाती उचलली. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं की दुसऱ्या कशाचं, ते त्यांनी पाहू दिलं नाही. तोंड खिडकीकडं होतं.

त्यानंतर मात्र त्यांनी हयगय केली नाही. पालथं झालं, चार पायांवर येऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणं झालं, रोज थोडं लांब चालणं झालं. पाठीवर काठी धरून वाकायला शिकवलं बाईंनी. काठी डोक्याला, पाठीला आणि बैठकीला, तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. कमरेतून वाकायचं नाही, खुब्यातून वाकायचं. दाजी काठी पाठीला लावून घरभर वाकत फिरायचे. बायको म्हणायची, "आता कुठं जरा आदबीनं वागायला लागलात." मग टोपलीत वाळूच्या पिशव्या आल्या. आधी एक, मग वाढत वाढत. टोपली अंगाशी घ्यायची, श्वास सोडत उठायचं.

बाईंकडं जाण्याच्या वाटेवर ते बुटांचं दुकान लागायचं. दाजी रस्त्याच्या पलीकडं थांबून वर बघायचे. सुरुवातीला ते एका अंगाला कललेले असायचे, टांगलेली तसबीर वाकडी झाल्यासारखे. पुढं पुढं सरळ व्हायला लागले. काच मात्र तशीच. आतून एखादी पोरगी फडकं घेऊन पुसत असायची. ही काच आपण वर नेली, पण 'टेकवा' ऐकल्याचं आपल्याला आठवत नाही. म्हणजे अजून ती आपल्या हातातच आहे की काय, असं त्यांना वाटायचं. एवढंच एक काम त्यांच्या मनात राहून गेलं होतं. बाकी काही नको होतं. पुन्हा एकदा लांब्याच्या समोर उभं राहायचं, उलटं चालायचं आणि तो शब्द ऐकायचा.

टोपली नीट उचलता येऊ लागली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, मोठी काच कधी?"

बाईंनी आधी टोपली बाजूला सारली, तेव्हाच दाजींना कळलं.

"खोटं नाही सांगत, काका. तुम्ही छान बरे झाला आहात. दुकानात काच कापा, बसवा, चौकटी करा, हलकं सामान उचला. पण एवढं वजन, जिन्यावरून, तेही उलटं चालत आणि अचानक पिळवटायची वेळ येईल असं काम, ते तुम्हाला परत द्यायला माझं मन धजत नाही. वर्षानं पुन्हा तपासू. पण त्या आशेवर दिवस काढा असं मी म्हणणार नाही."

दाजींनी मान हलवली. या वेळी ऐकून हलवली.

मग म्हणाले, "काच नको. नुसतं चालू द्याल? समोर माझा मेहुणा. एकदाच."

"हातात काय?"

"रिकामी चौकट. आत काही नाही. टोपलीपेक्षा हलकी."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आणा. पण इथं, माझ्यासमोर. सपाटीवर."

चौकट बायकोनं केली. माप विचारलं तर दाजी म्हणाले, बुटांच्या दुकानाचं. तिनं कोपरे नेहमीपेक्षा जास्त वेळ घासले.

लांब्याला सांगायला दाजी स्वतः खाली गेले. तो काच कापायच्या मेजावर ओणवा होता. दाजींना पाहून ताठ झाला आणि डोकं दिव्यावर आपटलं.

"या, दाजी. बसा. की बसायचं नाही?"

"बसायचं. पण किती वेळ ते ठरलेलंय." दाजी उभेच राहिले. "वर का आला नाहीस?"

लांब्या हिरकणी पुसायला लागला. "येणार होतो."

"जिना नऊ पायऱ्यांचा आहे, काशीयात्रा नव्हे."

"जिना चढायला लागलो की पायांकडं लक्ष जातं, दाजी." तो खालीच बघत होता. "दोन्ही धड आहेत. मग पुढं जाववत नाही."

"अरे गाढवा, धड राहावेत म्हणूनच ना..." दाजी मेजापाशी सरकले. मग म्हणाले, "ती माशी तरी मेली का?"

लांब्यानं नकारार्थी मान हलवली. आणि दोघंही हसायला लागले, ते इतकं, की दाजींना खुब्यातून वाकून मेज धरावं लागलं. बायको वरून ओरडली, "काय फुटलं?"

"काही नाही, ताई," लांब्या म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसले. "यंत्र चांगलं आहे हो, दाजी. पण त्याला दाजी म्हणता येत नाही."

व्यायामाची खोली लांबलचक होती. एका भिंतीला पडदे लावलेले पलंग, मध्ये धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू. शाळेतले एक शिक्षक घोट्याला वजन बांधून पाय उचलत होते. एक आजी चेंडूवर बसून डुलत होत्या. लांब्या दारातून वाकून आत आला, चौकट त्याच्या खांद्यावर.

"कशी धरायची ते दाखवा," बाई म्हणाल्या.

दोघांना दाखवावं लागलं नाही. चौकट उभी झाली. एका कडेला दाजी, दुसऱ्या कडेला लांब्या. दाजी खुब्यातून वाकले, श्वास सोडत उठले. चौकट उचलली गेली. वजन काहीच नव्हतं. हातांना ते पटेना, हात ओझं शोधत राहिले. पण पलीकडं तेच तोंड होतं. थोडं वाळलेलं, कानांवर पांढरे आलेले. हे कधी आले?

"चला, दाजी," लांब्या म्हणाला. "सपाट आहे. डावीकडं खुर्ची. या, या. आता उजवीकडं एक आजी आहेत, चेंडूवर. आजी, पाय आत घ्या."

"मी घेते, चेंडू घेत नाही," आजी म्हणाल्या.

"लांब पाऊल, दाजी. चटई आहे. उतरली. सपाट."

शिक्षकांनी पाय उचलायचा थांबवला होता. बाई भिंतीला टेकून दाजींच्या कमरेकडं बघत होत्या, आणि थोड्या वेळानं कमरेकडं बघायचं विसरल्या.

दाजींना मागचं काही दिसत नव्हतं. भिंत किती लांब आहे, खोली कुठं संपते, काही नाही. त्यांना फक्त माहीत होतं, की खोली लांबलचक असली तरी तिला शेवट आहे, आणि तो आता जवळ आला असणार. पाठीला खिडकीचं ऊन लागायला लागलं होतं. म्हणजे भिंत आलीच. आता तो म्हणेल. त्यांनी बोटं घट्ट केली. ज्या शब्दासाठी एवढे दिवस जमिनीवर पालथं पडून काढले, तो आता नको वाटला.

लांब्यानं त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं पाहिलं.

"वळण आहे, दाजी," तो म्हणाला. "जरा डावीकडून घ्या. अजून बरंच आहे."

दाजी डावीकडून वळले. ऊन पाठीवरून खांद्यावर आलं, खांद्यावरून तोंडावर.

"कुठवर आहे रे?"

"आहे अजून," लांब्या म्हणाला. "तुम्ही या. कुंडी आहे, सांभाळा."